तीन दिवसांत औषध खरंच उडून जातं?

"फवारणीनंतर तीन दिवस थांबा, उन्हाने औषध उडून जातं. पाऊस पडला तर दुसऱ्याच दिवशी तोडा करा. वास गेला म्हणजे औषध गेलं. उरलंसुरलं मिठाच्या पाण्यात निघतं." भाजी पिकवणाऱ्यांच्या मोबाइलवर कीटकनाशकांबद्दलचा हा संदेश फिरतो आहे. ही भाजी लहान मुलांच्याही पोटात जाते, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी तीन दिवसांचं बघू. औषध ठरल्या दिवशी संपत नाही, ठरावीक काळात निम्मं होत जातं. निम्मं व्हायला 3 दिवस लागत असतील तर सहाव्या दिवशी पाव आणि नवव्या दिवशी आठवा हिस्सा उरतो. डोस दुप्पट केला की त्याच पातळीला यायला आणखी 3 दिवस हवेत. शिवाय औषधागणिक वेग बदलतो. फुलांपासून मिळणारं नैसर्गिक कीटकनाशक पायरेथ्रम उन्हात काही तासांत मोडतं. त्याच धर्तीवरचं कृत्रिम सायपरमेथ्रिन प्रकाशात तग धरावं म्हणूनच घडवलेलं आहे, ते पानाच्या मेणचट थरात चिकटून राहतं. म्हणून तर लेबलवर प्रत्येक पिकासाठी फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. आणि ऊन तरी सगळीकडे कुठे पोचतं? वांग्याच्या देठाची हिरवी टोपी उचलून पाहा, फवारा तिच्याखाली उतरतो आणि सावलीतच राहतो.

पाऊस फवारणीनंतर लगेच आला तर बरंच औषध धुऊन नेतो. एकदा ते वाळून मेणात मुरलं की फार थोडं जातं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत पसरणारं औषध तर पेशींत शिरलेलं असतं. तिथे पाऊसही पोचत नाही आणि मिठाचं पाणीही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरवरचा काही अंश निघतो, तेवढं जरूर करावं.

वासाचा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो. ॲसिफेट हे कीटकनाशक झाडात मोडतं तेव्हा त्याच्या काही भागाचं मेथामिडोफॉस होतं, तसंच डायमेथोएट या कीटकनाशकाचं ओमेथोएट. दोन्ही मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. नाकाला यातलं काहीच कळत नाही.

भेंडीचा तोडा दिवसाआड असतो, त्यामुळे थांबणं जड जातं हे खरं. मग तयार भेंडी आधी तोडून घ्या, संध्याकाळी फवारा, औषधही कमी प्रतीक्षेचं निवडा. त्या मुदतीत जून झालेली भेंडी तोडून फेकावी लागली तर फेका, बाजारात नेऊ नका.