फॉर्मॅट केले की प्रश्न मिटत नाही

बडोद्यातील आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की घरच्या संगणकात चोरण्यासारखे काही नसते, व्हायरस शिरला तर यंत्र मंदावते आणि लगेच कळते, फॉर्मॅट केले, म्हणजे डिस्क पुसून नव्याने तयार केली, की सर्व ठीक होते, आणि मोबाइलला व्हायरस लागतच नाही. दांडिया बाजारात संगणक दुरुस्तीचे काम करताना या समजुतींपायी नुकसान सोसलेली माणसे मी पाहिली आहेत, म्हणून प्रत्येक मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

चोरण्यासारखे काही नाही, असे म्हणणाऱ्याच्याच संगणकात आधार आणि पॅनच्या प्रती, ईमेल व नेट बँकिंगचे पासवर्ड असतात. हे काही नसले तरी इंटरनेटला जोडलेले तुमचे यंत्रच चोरांच्या उपयोगी पडते. २०१६ मधील मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि अशा यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर रोजी डाइन (Dyn) या संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला केल्यामुळे ट्विटरसारख्या सेवा कित्येकांना उघडेनाशा झाल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

दुसरा मुद्दा मंदावण्याचा. जुनी हार्ड डिस्कही संगणक मंद करते. उलट ट्रोजन नावाचा प्रकार उपयुक्त प्रोग्रामच्या वेषात येतो आणि गुपचूप राहण्यासाठीच बनवलेला असतो. २००७ मध्ये उघडकीस आलेला झ्यूस हा ट्रोजन बँकेच्या पानावर टाइप केलेली अक्षरे टिपून चोरांकडे पाठवत असे, आणि तेव्हा पडद्यावर काहीही वावगे दिसत नसे.

सर्वांत घातक सल्ला फॉर्मॅटचा आहे. व्हायरस फाइलला चिकटतो आणि ती उघडल्यावर पसरतो, वर्म मात्र कोणी काही न उघडताही नेटवर्कमधून स्वतःच पुढे सरकतो. या दोहोंवर फॉर्मॅटचा उपाय बहुधा चालतो, परंतु दूषित पेनड्राइव्ह पुन्हा लावला की रोग परत येतो, आणि गेलेला पासवर्ड तर गेलेलाच राहतो. तो दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावा लागतो. रॅन्समवेअरच्या बाबतीत हा सल्ला विनाशकारी ठरतो, कारण ते फाइली कुलूपबंद करून किल्लीसाठी खंडणी मागते. १२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या वॉनाक्रायने दीडशेहून अधिक देशांतील दोन लाखांवर संगणक असे अडकवले आणि बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागितले, आणि ज्या त्रुटीतून ते शिरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. माझ्या ओळखीच्या एका छापखानदाराने अशा हल्ल्यानंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून डिस्क फॉर्मॅट केली आणि अनेक वर्षांच्या लग्नपत्रिकांची सगळी डिझाइने कायमची गमावली. ती डिस्क तशीच बाजूला ठेवली असती तर आशा उरली असती, कारण काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या पुढे मिळतात. २०१६ पासून चालू असलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात त्या विनामूल्य मिळतात. बॅकअपची, म्हणजे फाइलींच्या राखीव प्रतींची, डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवू नये, कारण जोडलेल्या डिस्कमधील फाइलीही कुलूपबंद होतात.

मोबाइलविषयी एवढे मान्य करता येईल की फाइलला चिकटणारा जुन्या पद्धतीचा व्हायरस तेथे क्वचितच आढळतो. ट्रोजन मात्र सर्रास येतात. लग्नसराईत कंकोत्री, म्हणजे लग्नपत्रिका, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, येते, ती बसवल्यावर एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि परवानगी मिळताच बँकेचा ओटीपी चोराच्या हाती पडतो. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. तिला बसवावे लागत नाही. अशी फाइल बसवलीच गेली असेल तर मोबाइल ताबडतोब फ्लाइट मोडवर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर त्याच क्षणी तक्रार करावी, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत जाण्याआधीच ती गोठवता येते.