रिसेल फ्लॅट घेताना एजन्सी कशी पारखावी

पुण्यात रिसेल फ्लॅट शोधणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो: अमुक एजन्सी चांगली की तमुक? उत्तरंही ठरलेलीच. कुणी गूगलवरचे स्टार सांगतं, कुणी 'ते एकच टक्का घेतात' म्हणतं. माझ्या मते या दोन्हींवरून काहीही ठरत नाही. पाटी कुणाचीही असो, तुमचा व्यवहार तिथला एकच माणूस करणार असतो. टोकन (सौदा धरून ठेवायला दिलेली आगाऊ रक्कम) घ्यायच्या आधी, सौदा मोडेल अशी माहितीही तो कागदासकट समोर ठेवतो का, एवढंच मी बघेन.

आधी टक्क्यांचं, म्हणजे ब्रोकरेजचं (दलालीचं) बघू. ८० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का म्हणजे ८० हजार, दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. एजन्सी जीएसटीत नोंदलेली असेल तर त्यावर १८ टक्के वेगळे. पण ७५० चौरस फूट कार्पेटच्या (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या) फ्लॅटला फुटामागे ५०० रुपये जास्त मोजले की ३ लाख ७५ हजार गेले. म्हणून दोन्ही एजन्सींकडे एकच मागणी करा: त्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) दाखवा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर ते कुणालाही बघता येतात. मोबदला, क्षेत्रफळ, तारीख सगळं त्यात असतं. पोर्टलवरच्या जाहिराती दाखवणारा एजंट मालकांनी मागितलेला भाव दाखवतोय, सौदा ज्या भावाला झाला तो नाही. आणि एकाने कार्पेटवर, दुसऱ्याने सेलेबलवर (जिना, लॉबीचा वाटा धरून वाढवलेल्या क्षेत्रफळावर) दर सांगितला असेल तर दोन्ही आकडे कार्पेटवर आणल्याशिवाय तुलना करूच नका.

मग तीन प्रश्न विचारा. पहिला, मुद्रांक शुल्क किती? पुणे मनपा हद्दीत ७ टक्के, खरेदीदार फक्त महिला असेल तर ६, आणि नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. 'बायकोचं नाव जोडा, एक टक्का वाचेल' असं सांगणारे एजंट भेटतात. नवरा-बायकोच्या जोडनावावर ती सवलत मिळत नाही, आणि हे नोंदणीच्या दिवशी कळलं तर ८० लाखांवर ८० हजारांची तजवीज आयत्या वेळी करावी लागते. दुसरा, सोसायटीची ट्रान्सफर फी किती? शहरात कमाल मर्यादा २५ हजार आहे. 'डोनेशन' म्हणून लाखभर सांगितले आणि एजंटाने मान डोलावली, तर तो तुमची बाजू घेणार नाही. तिसरा, विकणारा परदेशात राहतो का? निवासी विक्रेत्याला ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात १ टक्का टीडीएस (खरेदीदाराने पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापतात. अनिवासी असेल तर तो नियम लागू नाही, दर बराच जास्त असतो. विक्रेत्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला नाही तर पैसे अडकतात. कर कमी कापला तर जबाबदारी तुमची, एजंटाची नाही.

सगळ्यात जास्त कळतं ते टोकनच्या पावतीवरून. दोन्ही एजन्सींकडे त्यांचा कोरा नमुना आधीच मागा. बऱ्याच ठिकाणी चार ओळींचा कागद मिळतो: नाव, रक्कम, सही, 'नॉन-रिफंडेबल'. चांगल्या पावतीत फ्लॅट आणि विंगचा क्रमांक, एकूण ठरलेली किंमत, पार्किंग कोणतं आणि ते सोसायटीच्या पत्रावर आहे की नुसतं तोंडी, साठेखत (विक्रीचा करार) किती तारखेपर्यंत, आणि मालमत्तेच्या कागदांमुळे बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन किती दिवसांत परत, हे सगळं लिहिलेलं असतं. चेक मालकाच्याच नावाने द्या, एजन्सीच्या नावाने कधीच नाही. इंडेक्स टूवर दोन मालक असतील तर पावतीवर दोघांच्या सह्या हव्यात. एकाच्या सहीवर टोकन दिलं आणि दुसरा भाव वाढवून बसला, हे फार वेळा होतं. पावतीआधी मागच्या सगळ्या करारांची साखळी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी) आणि थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला यांच्या प्रती मागा. 'टोकन द्या, मग कागद देतो' म्हणणाऱ्या एजन्सीला मी तिथेच नकार देईन, तिचे स्टार कितीही असोत.

नवीन प्रोजेक्ट असेल तर एजंटाचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक महारेराच्या वेबसाइटवर तपासा. त्याची सुरुवात 'ए'ने होते, प्रोजेक्टच्या क्रमांकाची 'पी'ने. नोंदणी नसताना असे फ्लॅट विकणाऱ्याला दिवसाला १० हजार दंड आहे. जुन्या इमारतीतल्या रिसेलला ही नोंदणी लागत नाही, त्यामुळे तिथे क्रमांक नाही म्हणून एजंटाला खोटा ठरवू नका. नवीन प्रोजेक्टमध्ये पैसे बिल्डर देतो, म्हणून 'ब्रोकरेज शून्य' ऐकून हुरळून जाऊ नका. तुम्हाला कोणती साइट दाखवायची हेही बऱ्याचदा त्या कमिशनवरूनच ठरतं.

रिसेलमध्ये ब्रोकरेज दोन्हीकडून घेणार का, हे तोंडावर विचारा. घेणं गैर नाही, लपवणं गैर आहे. रक्कम आणि टप्पे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: अर्धं साठेखताची नोंदणी झाल्यावर, उरलेलं ताबा आणि सोसायटीकडे ट्रान्सफरचा अर्ज गेल्यावर. टोकनच्या दिवशीच सगळं ब्रोकरेज मागणाऱ्या एजन्सीला पुढे कर्जाची फाइल अडली तरी धावपळ करायचं कारण उरत नाही.