पैसे घेतले म्हणून मदत खोटी होत नाही

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून ज्यूंना लपवणाऱ्यांबद्दलच्या तुमच्या लेखात म्हटलंय की त्यासाठी पैसे घेणारे फक्त धंदा करत होते. मला नाही पटत. ल्वोव्हचा (तेव्हा जर्मनांच्या ताब्यातलं पोलंडचं शहर, आता युक्रेनमध्ये) लिओपोल्ड सोहा बघा, गटारं साफ करणारा, आधी चोऱ्यामाऱ्या केलेला माणूस. जून १९४३ मध्ये जर्मनांनी तिथला घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती, संपवला तेव्हा हिगर हे ज्यू कुटुंब दोन लहान मुलांना घेऊन बाकीच्यांसोबत गटारात उतरलं आणि सोहा, त्याचे दोन साथीदार पैसे घेऊन त्यांना ब्रेड वगैरे पोचवायचे. पण पैसे संपले तरी तो येतच राहिला ना! त्यांचे मळके कपडे घरी न्यायचा, बायको धुऊन द्यायची. प्यायच्या पाण्यासाठी आतली माणसं किटलीची कडी दातात धरून अरुंद पाइपातून रांगत जायची, त्यात सगळीकडे उंदीर, एकदा तर पावसाचं पाणी इतकं चढलं की सगळे बुडालेच असते. असे जवळपास १४ महिने! जुलै १९४४ मध्ये दहाजण जिवंत वर आले. सापडला असता तर सोहाला घरच्यांसकट मारलं असतं, तिथे ज्यूंना आसरा द्यायची शिक्षा तीच होती. पुढच्या भागात त्याच्याबद्दल नक्की लिहा प्लीज.