पेंग देहुआई: ना बंड, ना गोळ्या

"कोरियात अमेरिकेला हरवलं, 1962 ला भारतावरची चढाई आखली, मग माओविरुद्ध सैन्य उठवलं म्हणून गोळ्या घातल्या." चिनी मार्शल पेंग देहुआईबद्दलचा हा मेसेज परत फिरायला लागलाय.

62 चं आधी उरकतो. सप्टेंबर 1959 लाच त्याचं संरक्षणमंत्रीपद जाऊन लिन बियाओकडे गेलं होतं. 62 मध्ये हा बीजिंगमध्ये घरी बसवलेला, माओला स्वतःची बाजू मांडणारं तब्बल 80 हजार अक्षरांचं पत्र लिहीत होता. नेफात (आजचा अरुणाचल प्रदेश) चिनी फौजा होत्या जनरल झांग गुओहुआच्या हाताखाली.

कोरियाचं अर्धंच खरं. ऑक्टोबर 1950 ला चीन-कोरिया सीमेवरची यालू नदी ओलांडून त्याने अमेरिकन सेनापती मॅकआर्थरला पार 38 अक्षांशाच्या (दोन्ही कोरियांमधली युद्धाआधीची सीमारेषा) खाली रेटलं, जानेवारी 51 ला दक्षिण कोरियाची राजधानी सोल घेतलं, तेही वरून अमेरिकन विमानं आग ओकत असताना, मानलंच पाहिजे. पण मार्चमध्ये सोल हातचं गेलं, वसंतातली मोठी चढाई फसली, चीनची 180 वी डिव्हिजन जवळजवळ संपली, आणि 1953 ला युद्धबंदी झाली तेव्हा रेषा फिरून 38 च्याच आसपास. याला हरवलं नाही म्हणत, बरोबरीत सोडवलं म्हणतात.

आता बंड. जुलै 1959, लुशानमधली पक्षनेत्यांची बैठक. 'ग्रेट लीप' या माओच्या झटपट औद्योगिकीकरणाच्या मोहिमेत गावोगाव भट्ट्या लावून पोलाद काढणं चाललेलं, धान्याचे आकडे फुगवलेले, आणि पेंग स्वतः आदल्या वर्षी हुनानमध्ये फिरून हे बघून आलेला. त्याने केलं काय, तर 14 जुलैला माओला एक खासगी पत्र लिहिलं, त्यातही सुरुवातीला 1958 च्या यशाचं कौतुक, मग हळूच 'अतिउत्साहा'वर टीका. बस. माओने ते छापून सगळ्यांना वाटलं आणि 23 तारखेला भडकून बोलला की सैन्य माझ्यामागे येणार नसेल तर मी खेड्यात जाऊन नवी लाल सेना उभी करीन. म्हणजे त्या बैठकीत फौज उठवायची भाषा कोणी केली असेल तर ती माओने! त्यात पेंग नुकताच पूर्व युरोपचा दौरा करून आलेला, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हला भेटलेला, आणि जूनमध्येच रशियाने अणुबॉम्बची मदत थांबवलेली, मग काय, पेंग रशियाशी संगनमत करतोय या संशयाला जागा मिळालीच.

गोळ्या तर कोणीच घातल्या नाहीत. खरं तर जे झालं ते त्याहून वाईट. 1965 ला त्याला सिचुआनला कामावर पाठवलं, 66 च्या अखेरीस रेड गार्ड्स (माओच्या तरुण समर्थकांच्या टोळ्या) तिथून उचलून बीजिंगला घेऊन आले, भर सभांमध्ये मारहाण, मग वर्षानुवर्षं कैद, आणि 29 नोव्हेंबर 1974 ला कॅन्सरने गेला. दहनसुद्धा खोट्या नावाने केलं.

आणि 'बंडखोर' हा शिक्का मुळात माओचाच, पेंगला 'पक्षविरोधी टोळी'चा म्होरक्या ठरवताना मारलेला. डिसेंबर 1978 मध्ये खुद्द पक्षाने तो पुसला. आपले फॉरवर्डवाले मात्र तोच आरोप शौर्यपदक म्हणून त्याच्या छातीवर लावतायत.