कूळ लागेल म्हणून जमीन पडीक ठेवायची?

मुरबाड-शहापूरला वडिलोपार्जित जमीन आणि राहायला घोडबंदर रोडला फ्लॅट, अशा ठाणेकरांकडे भाजीपाल्यासाठी कुणी तरुण जमीन मागायला आला, की उत्तर ठरलेलं असतं: "कसायला दिली की कूळ लागेल." ही भीती खुळी नाही. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 4 नुसार दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा कूळ मानला जातो. घरचा माणूस, पगारी गडी आणि ताबेगहाणदार (गहाणापोटी जमिनीचा ताबा असलेला) तेवढे वगळलेत. 1 एप्रिल 1957 ला कसणाऱ्याला मालकी मिळाली, ते न्यायाचंच झालं. पण आज त्याच भीतीपोटी वरकस, म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनीवर नुसतं गवत वाढतंय, याचं वाईट वाटतं.

इकडे फ्रान्समध्ये, आल्प्सच्या डोंगरात, कायदा मालकाला झुकतं माप देत नाही. शेतजमिनीचा करार सहसा किमान 9 वर्षांचा, आणि मुदत संपली तरी नूतनीकरणाचा हक्क कसणाऱ्याकडे. म्हणून इथले मालकही बिचकतात. पण इथे एक मधली वाट आहे, 'कोमोदा': ठरावीक मुदतीसाठी, एक पैसा न घेता जमीन वापरायला देणं. खंड, म्हणजे जमिनीचं भाडं, घेतला की तो कोमोदा उरत नाही. त्यात नवशिक्याची बाजू मात्र लंगडी पडते. 9 वर्षांच्या करारात जमीन सोडताना मातीत केलेल्या सुधारणेची भरपाई मिळते. कोमोदात ती वेगळी लिहून घ्यावी लागते.

आपल्याकडची चर्चा सातबाऱ्यावरच अडते. प्रत्यक्षात भागीदारी मोडते ती पाण्यावरून आणि कसणाऱ्याच्या राहायच्या खोलीवरून. मालक जमीन दाखवतो ऑगस्टमध्ये, ओढा दुथडी भरून वाहत असताना. पाणी मोजायचं एप्रिलच्या शेवटी. 15 लिटरची बादली झऱ्याखाली धरा. 5 मिनिटांत भरली तर दिवसाला 4,320 लिटर. 10 गुंठे, म्हणजे साधारण 1,000 चौरस मीटर, आणि उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरलं तर लागतात 5,000 लिटर. म्हणजे ठिबक लावून, फक्त वाफ्यांपुरतं पाणी दिलं तरच जेमतेम भागेल. रात्रीचं पाणी साठवायला टाकीही हवीच.

खोली का हवी? भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की शेंग जून होते, बोटाने टोक मोडून पाहिलं तर मोडत नाही, नुसती वाकते; तो माल बाजारात कुणी घेत नाही. वर रात्री रानडुकरं. ठाण्याहून येऊन-जाऊन हे जमणारं नाही. म्हणून खोलीचा कागद वेगळा करा, विजेला सबमीटर बसवा, आणि शेती थांबली तर खोली किती दिवसांत सोडायची तेही लिहा. पाइप, टाकी, शेडनेट कुणाचं, हे खरेदीच्या दिवशीच बिलावर लिहून ठेवा.

आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या चाचणी कराराला कायद्यात स्पष्ट जागा हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर कसणाऱ्याला खरोखरचा पगार देऊन पहिलं वर्ष काढता येईल, पण वकिलाला विचारूनच: पिकातला वाटा मजुरी म्हणून दिला तर कलम 4 मधली पगारी गड्याची सवलत लागू होत नाही.