शेन क्वोची लोखंडी कढई : एका प्रतिक्रियेला उत्तर

अकराव्या शतकातला चिनी अधिकारी शेन क्वो याच्या टिपणांत खरं रसायनशास्त्र सापडतं, असं मी मूळ लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सोंग राजवटीच्या काळातल्या चिनी अधिकाऱ्यांची फावल्या वेळातली टिपणं म्हणजे ललित लेखन. त्यात भुतं, स्वप्नं, दरबारी किस्से आणि पाच तत्त्वांची (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) बडबड. त्यातून रसायनशास्त्र 'काढणं' म्हणजे आपल्याकडच्या पुष्पक विमानवाल्यांचाच चिनी अवतार.

विमानवाल्यांचा मलाही कंटाळा आहे. पण त्यांच्याकडे करून बघता येईल अशी कृती नसते, शेन क्वोकडे आहे.

नोकरीतून बाहेर पडल्यावर त्याने १०८८च्या सुमारास 'मंगशी बीथान' हा टिपणांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, यानशानजवळ (आजचा च्यांगशी प्रांत) एका कडू झऱ्याचा ओहोळ वाहतो. ते पाणी आटवलं की मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) खडे मिळतात, ते तापवले की तांबं. आणि ज्या लोखंडी कढईत हे आटवतात, ती कढईही कालांतराने तांब्याची होते. हे वाचून नाशिककडच्या कुठल्याही द्राक्षबागायतदाराला आश्चर्य वाटणार नाही. बोर्डो मिश्रणासाठी (मोरचूद आणि चुना यांचं बुरशीनाशक) मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचा नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. तयार मिश्रणात विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. द्रावणातलं तांबं लोखंडावर बसतं आणि तितकंच लोखंड विरघळून जातं. कढई 'बदलत' नाही, खाल्ली जाते. शेन क्वोला हे माहीत नव्हतं, पण डोळ्यांना जे दिसतं ते त्याने बरोबर लिहिलंय.

आता तुमची पाच तत्त्वं. पाण्यातून धातू कसा येतो, याचं उत्तर तो मातीच्या ओलसर गुणात शोधतो. ते चुकीचं आहे, वादच नाही. पण त्याच टिपणात तो आणखी काय काय एकत्र मांडतो ते बघा: गुहेत ठिबकणाऱ्या पाण्याचे चुनखडी सुळके, विहिरीच्या पाण्यातून धरणारी दगडी फुलं, खारट पाण्याखाली तयार होणारे स्फटिक. पाण्यात विरघळलेलं काहीतरी पुन्हा घट्ट होतं, अशा गोष्टी त्याने नेमक्या एका ओळीत आणून बसवल्या. विचित्र आणि अद्भुत घटनांसाठी त्याच्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरणं आहेत. हे टिपण तिथे नाही, 'संकीर्ण' सदरात आहे.

दुसरं टिपण खनिज तेलाचं. १०८० ते १०८२ तो वायव्य सीमेवर अधिकारी होता. तिथले लोक पाण्याबरोबर झिरपणारं तेल फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांनी टिपून मडक्यात भरत. ते जाळलं की दाट धूर होई. त्याने काजळी गोळा करून शाई बनवली आणि ती पाइनच्या काजळीपेक्षा सरस ठरली. 'हे पुढे जगभर चालेल' हे त्याचं वाक्य हल्ली पेट्रोलयुगाची भविष्यवाणी म्हणून फिरवलं जातं. ते मात्र साफ खोटं: तो शाईबद्दल बोलतोय, आणि कारणही देतो. शाईपायी पाइनची जंगलं संपत चालली आहेत, पूर्वेच्या शानतुंगकडची तर संपलीच. जमिनीतलं तेल मात्र अमाप आहे. (अमाप! असो.)

तुम्ही म्हणता, रसायन हवं तर किमयागारांचे ग्रंथ वाचा. वाचा की. त्यात पदार्थांना मुद्दाम सांकेतिक नावं दिलेली असतात, कारण गुपित राखायचं असतं. टिपणं लिहिणाऱ्याला राखायला गुपित नव्हतं.

तुमची शंका जिथे खरी लागू पडते ते सांगतो. त्याच्या नावावरच्या औषधसंग्रहात मूत्रापासून 'शरद-खडा' करण्याची कृती आहे. शेंगांच्या फेसाळ रसाचा वापर वगैरे. १९६०च्या दशकात चिनी विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडम आणि लू ग्वेई-जेन यांनी तिच्यात संप्रेरकं (हार्मोन) वेगळी काढण्याची पद्धत पाहिली. पुढे कृती करून बघणाऱ्यांच्या हाती मुख्यतः क्षारच लागले. म्हणूनच मूळ लेखात मी ती घेतली नव्हती.