पिल्लं गेली म्हणजे शेजारचं मांजरच? फिरत्या मेसेजला उत्तर

पावसाळा सरला की घरोघरी कोंबड्या अंड्यांवर बसवायच्या नाहीतर पिल्लं विकत आणायची लगबग सुरू होते, आणि त्याच सुमारास कोंबडीपालनाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पिल्लू नाहीसं झालं की समजावं शेजारचं मांजर चटावलं. चटावलेलं मांजर सुधारत नाही. डांबरगोळ्या टाका, निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवा. नाहीच ऐकलं तर गोणीत घालून लांब सोडून या, किंवा भाताच्या गोळ्यात उंदराचं औषध घाला. मोकाट मांजराला कायदा लागू होत नाही. पिल्लं मात्र कोंडू नका, कोंडली की वाढत नाहीत.

मी परसात कोंबड्या पाळते. पिल्लू गेल्यावर जीव कसा तळमळतो ते मला ठाऊक आहे, म्हणून या मेसेजमागचा राग मला कळतो. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कोंबड्यांच्याच मुळावर येणारा आहे.

आधी चोर कोण ते बघू. मांजर पिल्लू उचलतं हे खरंच, त्यात मांजराची बाजू घ्यायचं कारण नाही. पण पिल्लू अख्खं नाहीसं झालं, पीससुद्धा मागे राहिलं नाही, तर ते घारीनेही नेलेलं असू शकतं, कावळ्यानेही, सापानेही, आणि खुराड्याखाली बीळ असेल तर घुशीनेही. मोठी कोंबडी मान फोडून टाकलेली दिसली, एकीच्या जागी दोन-तीन मेल्या, तर मांजराआधी मुंगसाचा किंवा ऊदमांजराचा विचार करा. मुंगूस दिवसा येतं, ऊदमांजर रात्री. चार-पाच कोंबड्या फाडून तिथेच टाकलेल्या असतील तर बहुधा ते भटक्या कुत्र्यांचं काम. अंडी गेली आणि टरफलं पडली नाहीत तर बहुधा साप. घरचं मांजर असतं तीन ते पाच किलोचं. दीड किलोच्या जाणत्या कोंबडीच्या वाट्याला ते क्वचितच जातं. त्याची नजर असते ती दीड-दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांवर.

म्हणून भांडायला जाण्याआधी सकाळी खुराड्याभोवती एक फेरी मारा. दाराखाली फट किती आहे, माती उकरलेली आहे का, पिसं कुठवर सांडली आहेत, हे बघितल्याशिवाय शेजाऱ्याचं नाव घेऊ नये. आणि सापळा लावून त्यात मुंगूस किंवा रानमांजर अडकलं, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ पडते.

आता विषाबद्दल. कायद्याची गोष्ट नंतर, आधी परसातली. उंदरांसाठी मिळणारं काळं औषध, झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी मिळालं की त्यातून फॉस्फीन हा जहाल वायू सुटतो. तो भाताचा गोळा तुम्ही मांजरासाठी ठेवता, पण परसात भात दिसला की पहिली चोच कोण मारतं? तुमचीच कोंबडी. मांजराने खाल्ला तरी ते अर्धवट ओकतं, आणि ते ओकलेलं टिपायला पुन्हा कोंबड्याच येतात. वाडीतली कुत्री, रांगतं पोर, सगळी त्याच अंगणात असतात. ज्यांच्यासाठी हे करायचं त्यांनाच मारणारा उपाय पुढे पाठवताना हात कसा कचरत नाही?

‘मोकाट मांजराला कायदा नाही’ हे तर साफ चूक. भारतीय न्याय संहितेचं कलम 325 प्राण्याला जाणूनबुजून मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं याबद्दल आहे, आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजाऱ्याचं मांजर मारणं यात सरळ बसतं. मांजराला मालक नसला तरी 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. त्यातला दंड आजच्या मानाने अगदीच किरकोळ, तो वाढायला हवा असं माझं मत आहे. पण गुन्हा तो गुन्हाच. याच कायद्याच्या कलम 11 मध्ये प्राण्याला उपाशी-तहानेलं मरायला सोडून देण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे गोणीत घालून पुलापलीकडे सोडून येणं हीसुद्धा निर्धोक युक्ती नाही.

त्या युक्तीने साधतं तरी काय? मांजराला आपली जागा नेमकी कळते. सोडलेली कितीतरी मांजरं परत येतात, आणि जी येत नाहीत ती अनोळखी ठिकाणी उपासमारीने, कुत्र्यांच्या तोंडी किंवा गाडीखाली जातात. इकडे मोकळी झालेली हद्द दुसरा बोका धरतो. मधल्या काळात उंदीर-घुशी वाढतात, त्या कोंबड्यांचं खाद्य फस्त करतात आणि लहान पिल्लंही ओढून नेतात.

डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन कोंबड्यांना आणि मुलांना विषारीच. जिथे चोच पोचते तिथे त्या ठेवूच नका. निळ्या पाण्याच्या बाटलीला मांजर घाबरत नाही, दुसऱ्या दिवशी तिच्याच सावलीत येऊन बसतं.

शेवटचा मुद्दा, पिल्लं कोंडू नका हा, आणि खरी गोम इथेच आहे. कोंबडीने एकवीस दिवस बसून स्वतः काढलेली पिल्लं आणि मशीनवर काढलेली पिल्लं यांत फार फरक असतो. पिल्लांची कोंबडी घार दिसली की वेगळाच आवाज काढते आणि सगळी पिल्लं पंखाखाली शिरतात. मांजर जवळ आलं तर ती अंग फुलवून थेट तोंडावर झेपावते, भलेभले बोके मागे फिरतात. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींची विकत आणलेली पिल्लं मात्र आईविना वाढलेली. त्यांना धोका शिकवलाय कोणी? ती मांजराकडे नुसती बघत उभी राहतात. अशी पिल्लं मोकळी सोडून मांजराला दोष देणं मला पटत नाही.

दोन महिने ती जाळीतच हवीत. आणि वाढ खुंटते ती कोंडल्याने नाही. दाटीने, ओलाव्याने आणि अपुऱ्या खाद्याने खुंटते. ऐसपैस, कोरड्या जागेत, सुरुवातीचे आठवडे बल्बच्या उबेत ठेवली की पिल्लं छान वाढतात. पण जाळी कुठली घ्यायची ते नीट बघा. षट्कोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. अर्धा इंच भोकांची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली ताठ जाळी घ्या आणि ती तळाशी बाहेरच्या बाजूला फूटभर वळवून मातीखाली दाबा, म्हणजे उकरणाऱ्याला वाट मिळत नाही. डालग्यावर, म्हणजे कामट्यांच्या मोठ्या टोपलीवर विसंबू नका. डालग्याच्या दोन कामट्यांमधून बोक्याचा पंजा सहज आत जातो, आणि बावचळलेली पिल्लं नेमकी कडेला येऊन दाटतात. डालगं वापरायचंच असेल तर आतून जाळी लावा आणि वर जड दगड ठेवा. मोठ्या कोंबड्या दिवेलागणीच्या आधी खुराड्यात गेल्याच पाहिजेत.

याचा अर्थ शेजाऱ्याची काही जबाबदारी नाही असा अजिबात नाही. आमच्या शेजारच्या काकींशी माझं बोलणं झालं तेव्हा त्या आधी उखडल्याच. “माझा बोका? तो दूधभात खाऊन माळ्यावर झोपतो!” मी म्हटलं, “काकी, तुमच्या बोक्यावर माझा राग नाही, पण माझी पिल्लं जातायत. तेवढी तिन्हीसांजेला आणि पहाटे त्याला घरात ठेवाल का?” त्यावर त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, “बघते गो.” आणि त्यांनी ते केलं. मांजराची शिकार जास्त करून याच दोन वेळांना चालते.

आणखी एक गोष्ट शेजाऱ्याकडे मागता येते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मांसाचं प्रमाण भरपूर असलेलं खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली, रोज पाच-दहा मिनिटं त्यांच्याशी खेळल्यावर 25 टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. तो अभ्यास तिकडच्या रानातल्या पाखरा-उंदरांबद्दलचा होता, कोंबड्यांबद्दलचा नव्हे. तरी नुसत्या दूधभातावरच्या मांजराला रोज मासळीची डोकी मिळाली तर बिघडणार काहीच नाही. बोका असेल तर त्याची नसबंदी करून घ्या म्हणावं. शिकार त्याने थांबत नाही, पण भटकणं कमी होतं. आणि मांजरीची केली तर दर काही महिन्यांनी वाढणारी पिल्लावळ थांबते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करा, आणि खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायची तयारी दाखवा. वेल्डमेशच्या एका गुंडाळीइतकीच ती गुंतवणूक आहे असं मी मानते.